व्हॅम्पायर: यातलं गावचं किती, नाटक-सिनेमाचं किती?

रातकिडा (धागाकर्ता)

पांढराफटक चेहरा, काळी केप, उंच कॉलर, दोन सुळे. उन्हात राख होतो, आरशात दिसत नाही, बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. व्हॅम्पायरचं हे सामान सगळ्यांना पाठ आहे. आता त्याच्या शेजारी १७२५ सालचा एक सरकारी कागद ठेवून बघा.

१७१८च्या तहानंतर उत्तर सर्बिया ऑस्ट्रियाकडे गेला होता. तिथल्या किसिल्येवो गावातला पेतार ब्लागोयेविच वारला, त्याला पुरलं. पुढे आठ दिवसांत गावातली नऊ माणसं गेली, प्रत्येक जण चोवीस तासांच्या दुखण्यानं. अंथरुणावरून त्यांनी सांगितलं की पेतार झोपेत येऊन गळा आवळतो. त्याची बायको म्हणाली, माझ्याकडे येऊन त्यानं आपल्या ‘ओपांक’, म्हणजे चामड्याच्या वहाणा, मागितल्या. ती गावच सोडून गेली. लोकांनी फ्रोम्बाल्ड नावाच्या अंमलदाराला गाठलं. तो म्हणाला, बेलग्रेडहून परवानगी येऊ द्या. लोक म्हणाले, तोवर गाव उरायचं नाही. शेवटी पाद्र्याला बरोबर घेऊन तो थडग्यापाशी गेला. प्रेत दहा आठवड्यांचं. नाक जरा बसलेलं, बाकी ताजं. दाढी, केस, नखं वाढलेली. जुनी पांढुरकी कातडी सुटलेली आणि खाली नवी. तोंडात रक्त. लोकांनी मेख ठोकली, कानातोंडातून रक्त आलं, मग प्रेत जाळलं. अहवालाच्या शेवटी साहेबांनी लिहून ठेवलंय की यात काही चुकलं असेल तर दोष माझा धरू नये, भीतीनं बेभान झालेल्या जमावाचा धरावा.

केप नाही, सुळे नाहीत, आरसा नाही, वटवाघूळ नाही. माझं म्हणणं असं की मेख आणि लसूण सोडली तर बाकी सगळं लेखक, नट आणि कॅमेरावाल्यांनी चिकटवलेलं आहे. कुठलं सामान कधी आणि का आलं, ते इथे मांडूया. आणि एक कोडं मला सुटत नाही: हा फुगलेला लालबुंद शेतकरी पांढराफटक उमराव नेमका कधी झाला?

मीठमिरची

मेला तरी वहाणांचा हिशेब सुटला नाही! देवळाबाहेर चप्पल गेलेल्यांनी हा धागा मन घट्ट करून वाचावा.
बाकी तो शेवटचा शेरा वाचून फ्रोम्बाल्ड आपल्याच कुठल्यातरी तहसील कचेरीतला वाटला.

जुनी बखर

धागा छान, पण दोन दुरुस्त्या.

पहिली: सुरुवात १७२५ची नाही. आजच्या क्रोएशियातल्या इस्त्रियामधल्या क्रिंगा गावचा यूरे ग्रांदो १६५६ साली मेला आणि १६७२ साली गावकऱ्यांनी थडगं उघडून त्याचं डोकं उडवलं. ही हकीकत वाल्वासोर या इतिहासकारानं १६८९च्या ग्रंथात छापली. फक्त तिथे शब्द ‘श्ट्रिगोन’ आहे. ‘व्हॅम्पायर’ हा शब्द युरोपभर नेला तो किसिल्येवोच्या आणि त्याहून जास्त मेद्वेजा या सर्बियातल्याच गावच्या कागदांनी.

मेद्वेजाचं प्रकरण असं. आर्नाउट पावले नावाचा हायदुक, म्हणजे सरहद्दीवरचा शिपाईगडी, गवताच्या गाडीवरून पडून मान मोडून मेला. जिवंतपणी तो सांगायचा की तुर्की मुलखात त्याला एका व्हॅम्पायरनं छळलं होतं, आणि उतारा म्हणून त्यानं त्याच्या थडग्याची माती खाल्ली आणि त्याचंच रक्त अंगाला फासलं. मेल्यावर वीसतीस दिवसांत तक्रारी सुरू. चाळिसाव्या दिवशी उकरलं, मेख मारली, तो कण्हला, जाळला. काही वर्षांनी, १७३१च्या हिवाळ्यात, पुन्हा तीन महिन्यांत सतरा माणसं गेली. गावाचं स्पष्टीकरण असं की पावलेनं गुरांनाही चावलं होतं आणि त्या गुरांचं मांस लोकांच्या पोटात गेलं. फ्ल्यूकिंगर नावाच्या पलटणीच्या सर्जननं ७ जानेवारी १७३२ला थडगी उघडून एकेक प्रेत तपासलं. जी ‘ताजी’ निघाली त्यांची डोकी कापून, जाळून, राख मोरावा नदीत सोडली. जी कुजली होती ती परत पुरली. अहवाल २६ जानेवारीचा आहे आणि मार्चमध्ये तो शब्द लंडनच्या वर्तमानपत्रात छापून आला. दोन महिन्यांत, घोड्यावरच्या टपालाच्या काळात!

दुसरी दुरुस्ती: ‘मेख आणि लसूण सोडली तर’ हे फार घाईचं विधान आहे. वुक कराजिचच्या १८१८च्या सर्बियन शब्दकोशातली नोंद घ्या. हा प्राणी नाताळ ते स्वर्गारोहणाचा सण या काळात जास्त दिसतो. खांद्यावर स्वतःचं कफन घेऊन फिरतो. कितीही बारीक भोकातून आत शिरतो. दुष्काळात पाणचक्क्या, धान्याची कोठारं, मक्याच्या कणग्या यांच्या भोवती घुटमळतो. शोधायचा कसा, तर डाग नसलेला काळा घोडा कबरस्तानात फिरवायचा. ज्या थडग्यावरून तो पाऊल टाकेना तिथे उकरायचं. मेख हॉथॉर्न या काटेरी झुडपाची. यातलं एकही पुस्तकी नाही. सिनेमानं हे उचललं नाही, एवढंच.

आणि हो, सर्बियनमध्ये दारू पिऊन तांबडा झालेल्या माणसाला ‘व्हॅम्पायरसारखा लाल’ म्हणतात. तुमच्या लालबुंद शेतकऱ्याला दुजोरा.

चकवा

म्हणजे भोकातून शिरतो तर उंबऱ्यावर आमंत्रणाची वाट बघत कशाला उभा राहील? ते कलम नंतरचंच.
पण मला मूळ प्रश्न वेगळा पडलाय. सरकारी सर्जन, पाच जणांच्या सह्या, आणि प्रेत ताजं? हे सगळे खोटं लिहीत होते का?

फॉर्मॅलिन

खोटं नाही. त्यांनी जे पाहिलं ते बरोबर लिहिलं, अर्थ चुकीचा लावला. क्रमानं सांगतो. जेवत असाल तर हा प्रतिसाद नंतर वाचा.

आधी वेळेचं गणित. न्यायवैद्यकात कॅस्परचा जुना ठोकताळा आहे: उघड्यावर एक आठवडा म्हणजे पाण्यात दोन आठवडे म्हणजे जमिनीत आठ. या हिशेबानं पेतारचे दहा आठवडे म्हणजे उघड्यावरचे जेमतेम नऊ दिवस. मेद्वेजाची तपासणी तर जानेवारीत, गोठलेल्या मातीत. ‘इतक्या दिवसांत सांगाडाच उरायला हवा’ ही अपेक्षाच चूक होती.

फुगणं: आतड्यातले जंतू वायू तयार करतात, पोट-छाती तटतटते. हडकुळा माणूस मेल्यावर गुटगुटीत दिसतो. मेद्वेजाच्या अहवालात एका साठीच्या बाईबद्दल लोकांनी हेच नवल केलं होतं की जन्मभर वाळकी होती आणि थडग्यात भरली.

तोंडातलं रक्त: तोच वायू छाती-पोटामधल्या पडद्यावर दाब देतो, कुजत्या फुप्फुसांतला तांबडा-काळपट द्रव नाकातोंडातून बाहेर येतो. मृत्यूनंतर गोठलेलं रक्त बऱ्याचदा पुन्हा पातळ होतं, म्हणून ‘ताजं’ वाटतं.

नवी कातडी, नवी नखं: वरचा थर पाणी धरून सुटतो, हातमोज्यासारखा निघतो, नखंही त्याच्याबरोबर जातात. खाली जो ओलसर गुलाबी थर दिसतो ती नवी कातडी नव्हे. केस-दाढीही वाढत नाहीत. त्वचा सुकून मागे सरते आणि आधीचेच खुंट उघडे पडतात.

कण्हणं: छातीत मेख गेली की कोंडलेला वायू घशातून बाहेर पडतो. स्वरयंत्र जागेवर असेल तर आवाज होणारच.

फ्रोम्बाल्डनं आणखी ‘काही रानटी खुणा’ पाहिल्या, ज्या ‘आदरापोटी’ लिहीत नाही म्हणाला. त्याही वायूच्याच करामती. समझनेवाले को इशारा.

चकवा

@फॉर्मॅलिन, मग मेद्वेजात त्याच मातीत शेजारशेजारचे काही कुजलेले आणि काही ताजे, हे कसं?

फॉर्मॅलिन

खोली, ओल, कपडा, पेटी आहे की नाही, अंगातली चरबी, मरताना ताप होता का, प्रेत पुरायच्या आधी किती तास उबेला होतं. एवढ्या गोष्टी बदलल्या की दोन हातांवरची दोन प्रेतं महिन्याच्या फरकानं कुजल्यासारखी दिसतात. त्या अहवालात एक बाळंतीण ‘ताजी’ आहे, तर दुसरी आई तिच्या नवजात मुलासकट पूर्ण कुजलेली. लिहिणाऱ्यानं मुद्दाम नोंदवलंय की माती तीच, थडगी तशीच. त्याला तो चमत्काराचा पुरावा वाटला. खरं तर तपासणीतला एवढा एकच धागा नीट ओढला असता तर गाठ तिथेच सुटली असती.

निशाचर

व्हॅन स्वीटननं ओढला की तो. ऑस्ट्रियाची महाराणी मारिया थेरेसा हिचा वैद्य. १७५५ साली सायलेशिया प्रांतात असंच एका बाईचं प्रेत उकरून जाळल्यावर महाराणीनं चौकशी लावली, त्यानं ‘थंडी, बंद पेटी, बाकी अज्ञान’ असा निकाल दिला, आणि सरकारच्या संमतीशिवाय थडगी उघडायला बंदी आली.

त्याआधी १७०१च्या सुमाराला ग्रीसमधल्या मिकोनोस बेटावर तुर्नफोर नावाचा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ हजर होता. तिथे कसायाला काळीज काढायला बसवलं, तर त्यानं छातीऐवजी आधी पोटच फाडलं. घाण सुटली म्हणून ऊद जाळला. उदाचा धूर आणि प्रेताची वाफ एकत्र झाली, आणि लोक ओरडायला लागले की प्रेतातूनच धूर निघतोय! तुर्नफोरनं हे सगळं तिरकस हसत लिहिलंय.

मीठमिरची

कसायाला काळीज सापडेना. हहपुवा. गिऱ्हाइकांचं काय होत असेल?

पडद्यामागे

नाटकाच्या बाजूनं भर घालतो, कारण केप आणि कॉलर सरळ रंगमंचाच्या गरजेतून आलीत.

१८२० साली लंडनच्या इंग्लिश ऑपेरा हाउसमध्ये, म्हणजे लायसियममध्ये, प्लँशेचं व्हॅम्पायरवरचं नाटक लागलं. त्याची इच्छा गोष्ट पूर्व युरोपात ठेवायची होती. मालकानं स्कॉटलंडचा हट्ट धरला, कारण स्कॉटिश कपडे आधीच पेटाऱ्यात होते. म्हणून पहिल्यावहिल्या इंग्रजी रंगभूमीवरच्या व्हॅम्पायरची गोष्ट घागरेवाल्या स्कॉट लोकांत घडते. आपल्याकडच्या नाटक कंपन्यांना हे कारण अजिबात नवं वाटणार नाही.

त्या प्रयोगासाठी एक झडप बनवली. फळीत दोन पाखं, दोन्ही स्प्रिंगवर. नटाचं वजन पडलं की उघडतात, तो खाली गेला की आपोआप मिटतात. खाली ब्लँकेट ताणून धरलेलं. प्रेक्षकांना वाटतं माणूस जमिनीत विरला. इंग्रजी नाट्यव्यवसायात या झडपेचं नावच ‘व्हॅम्पायर ट्रॅप’ पडलं.

कॉलर आली १९२४ला, हॅमिल्टन डीनच्या ‘ड्रॅक्युला’ नाटकात, डर्बीला. युक्ती अशी: इतर पात्रं काउंटला केपेसकट घट्ट धरतात, त्याची पाठ प्रेक्षकांकडे. कॉलर ताठ आणि डोक्यामागे उंच. नट आतल्या आत झडपेतून निसटतो, केप क्षणभर आकार धरून राहते, आणि मग धरणाऱ्यांच्या हातात रिकामी केप. कॉलर चार बोटं आखूड असती तर खाली जाणारं डोकं पहिल्या रांगेला दिसलं असतं. १९२७ला ब्रॉडवेवर लुगोसी या नटानं तीच केप घातली, १९३१ला ती सिनेमात गेली. तिथे झडपही नाही, लपवायचं काही नाही, पण कॉलर राहिली ती राहिलीच.

रातकिडा

@पडद्यामागे, ही माहिती म्हणजे लॉटरी लागली! ‘ड्रॅक्युला’ कादंबरीचा लेखक स्टोकर पुढे याच लायसियमचा व्यवस्थापक होता ना?

पडद्यामागे

हो, १८७८पासून हेन्री अर्व्हिंग या नटाच्या हाताखाली. मधल्या आगीनंतर इमारत नव्यानं बांधली होती, तेवढा फरक. कादंबरी २६ मे १८९७ला बाहेर पडली. त्याआधी आठ दिवस तिथेच, नाट्यहक्क राखायला म्हणून, त्यानं तिचं जाहीर वाचन उरकून घेतलं. चार तासांहून जास्त.

शिलेदार

पण खरा ड्रॅक्युला तर व्लाद द इम्पेलर. हजारोंना सुळावर देणारा वलाखियाचा, म्हणजे आजच्या दक्षिण रोमानियाचा, राजा. स्टोकरनं त्याच्यावरच कादंबरी बेतली. हे कुणी लिहिलंच नाही.

जुनी बखर

लिहिलं नाही कारण तसं नाहीये. :)
स्टोकरची टिपणं उपलब्ध आहेत. त्याच्या काउंटचं आधीचं नाव ‘काउंट वॅम्पिर’ होतं आणि गाव ऑस्ट्रियातल्या स्टायरियात. १८९०च्या उन्हाळ्यात व्हिटबीच्या वाचनालयात विल्किन्सनचं वलाखियावरचं १८२०चं पुस्तक त्याच्या हाती लागलं. त्यातल्या तळटिपेत होतं की वलाखियन भाषेत ‘ड्रॅक्युला’ म्हणजे सैतान. नाव आवडलं, उचललं. टिपणांत सुळावर देण्याचा उल्लेख नाही, कादंबरीतही नाही. तो रोमानियाला कधी गेलाही नाही. आज ब्रान किल्ल्यावर ‘ड्रॅक्युलाचा वाडा’ म्हणून गर्दी होते, ती एका तळटिपेची कमाई.

आणखी एक: कादंबरीतला ड्रॅक्युला भर दिवसा पिकॅडिलीत फिरतो. उन्हानं त्याची शक्ती कमी होते, मरत नाही. त्याला मिशी आहे. आणि शेवटी त्याला मेख लागतच नाही. गळ्यावर कुकरी, छातीत बोवी सुरा.

मीठमिरची

कुकरी!! म्हणजे शेवटी नेपाळी हत्यारच कामी आलं. अख्खा धागा मेख मेख करतोय.

रीळ नंबर सात

ऊन १९२२चं. मुर्नाऊचा जर्मन मूकपट ‘नोस्फेरातू’. पण त्यात एक गंमत आहे.

तेव्हाची फिल्म रात्रीच्या अंधारात चालण्याइतकी संवेदनशील नव्हती. म्हणून रात्रीची बरीच दृश्यं दिवसा घेतली आणि नंतर प्रिंट निळ्या रंगात बुडवली. निळं म्हणजे रात्र, पिवळसर म्हणजे घरातला दिवा, गुलाबी म्हणजे पहाट, हे तेव्हाच्या प्रेक्षकाला कळायचं. पुढे ज्या प्रती फिरल्या त्यातल्या कित्येक साध्या काळ्या-पांढऱ्या, रंग गेलेले. त्यात काउंट ओर्लोक, म्हणजे यातला व्हॅम्पायर, स्वतःची शवपेटी काखोटीला मारून लख्ख उन्हात गावातून चालत जातो, आणि शेवटी त्याच उन्हानं विरून जातो! लोक म्हणायचे चूक आहे. चूक प्रतीची.

‘ड्रॅक्युला’चे हक्क न घेता केलेला सिनेमा होता. स्टोकरच्या विधवेनं दावा लावला आणि १९२५ला सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. काही वाचल्या, म्हणून उन्हाचा नियम वाचला.

सुळ्यांचं सांगायचं तर ओर्लोकचे दात पुढचे, उंदरासारखे. १९३१च्या लुगोसीला सुळे नाहीतच. परत बघा, एकदाही दिसत नाहीत. १९५३च्या तुर्की ‘ड्राकुला इस्तंबूलदा’मध्ये सुळे आहेत, आणि जगभर रुजवले ते १९५८च्या हॅमर या ब्रिटिश कंपनीच्या रंगीत सिनेमानं.

निशाचर

@रीळ, ऊन पूर्णपणे सिनेमाचं म्हणता येणार नाही. कोंबडं आरवायच्या आत थडग्यात परतणं हे अस्सल गावचं आहे, आणि त्या सिनेमाच्या पाट्यांतही कोंबड्याचा उल्लेख आहे. गावात तो आरवण्यानं परत जायचा. सिनेमा मूक होता, आरवणं ऐकवणार कसं? ऊन दाखवता येतं.

रीळ नंबर सात

हे पटलं.

गुहानिवासी

वटवाघळाबद्दल कुणी बोललं नाही. रक्त पिणारी वटवाघळं फक्त मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत, तीन जाती. सर्बियाच्या शेतकऱ्याला ती माहीत असणं शक्यच नव्हतं. आधी भुताचं नाव युरोपभर झालं, मग निसर्गशास्त्रज्ञांनी ते वटवाघळाला दिलं, मग कादंबरीनं ते भुताला परत केलं. सर्बियात मेख मारताना बाहेर निसटतं ते फुलपाखरू! ते सुटलं तर व्हॅम्पायर सुटला.

आपल्याकडे, महाराष्ट्रातल्या गुहा-किल्ल्यांतही, ‘फॉल्स व्हॅम्पायर’ नावाचं वटवाघूळ आहे. बेडूक, पाली, उंदीर, किडे खातं. रक्ताशी संबंध शून्य, नाव मात्र चिकटलंय.

शिलेदार

आपला वेताळ म्हणजेच भारतीय व्हॅम्पायर, हे तरी खरं ना? इंग्रजीत तसंच भाषांतर आहे.

माडाखाली

भाषांतर आहे, म्हणूनच घोळ आहे. बर्टननं १८७० साली पंचविशीतल्या अकरा गोष्टी घेऊन पुस्तक काढलं आणि वेताळाला थेट ‘व्हॅम्पायर’ करून टाकलं. गोष्टीतला वेताळ प्रेतात शिरून झाडाला लटकतो, राजाला कोडी घालतो, उत्तर दिलं की परत झाडावर. रक्ताचा थेंब नाही.

आणि कोकण-गोव्यात तर तो देव आहे. गोव्यात आमोणे, लोलये इथे देवळं आहेत. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचा वेतोबा गावाचा राखणदार. रात्री शिवेवर फेरी मारतो, चालून चालून वहाणा झिजतात, म्हणून नवस फेडताना त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा आणि केळीचा घड देतात. देवळात ढीग दिसतो. त्याला हडळ-खविसाच्या रांगेत बसवलंत तर तिकडची माणसं तुमच्याशी बोलणार नाहीत.

रातकिडा

वेताळाची शाखा इथे थांबवूया, स्वतंत्र धागा होईल. माझं कोडं अजून तसंच आहे. लाल चेहरा पांढरा कधी झाला? मला वाटतं क्षयरोगामुळे.

फॉर्मॅलिन

क्षयाचा हात आहे, पण उशिरा. अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या एक्सेटरमध्ये मर्सी ब्राउन जानेवारी १८९२ला क्षयानं गेली. आई आणि थोरली बहीण आधीच गेलेल्या, भाऊ एडविन खंगत चाललेला. मार्चमध्ये तिघींची प्रेतं तपासली. आधीच्या दोघींची प्रेतं जवळजवळ संपलेली. मर्सी ऐन हिवाळ्यात जमिनीवरच्या कोठीत ठेवलेली, म्हणजे शीतकपाटातच. हृदयात रक्त निघालं. डॉक्टरनं सांगितलं की हे नैसर्गिक आहे, फुप्फुसं क्षयाची आहेत. ऐकलं नाही. हृदय जाळून राख पाण्यातून एडविनला पाजली. २ मेला तोही गेला. कॉखला क्षयाचा जंतू सापडून तेव्हा दहा वर्षं झाली होती. फिकट, खोकणारा, घरच्यांना एकेक करून ओढून नेणारा रोग व्हॅम्पायरला फिट्ट बसतो. पण तिथेही पांढराफटक आहे तो बळी. व्हॅम्पायरचं हृदय रक्तानं भरलेलंच.

जुनी बखर

उत्तर १ एप्रिल १८१९च्या ‘न्यू मंथली मॅगझिन’मध्ये आहे, आणि ते एका अंकाच्या पानांत सापडतं. कवी बायरनचा डॉक्टर पॉलिडोरी यानं १८१६ला जिनिव्हा सरोवराकाठी जी गोष्ट सुरू केली, ती त्या अंकात बायरनच्या नावानं छापली गेली. नायक लॉर्ड रुथवेन: उमराव, लंडनच्या मेजवान्यांत वावरणारा, आणि चेहऱ्यावर मेल्यासारखी कळा, जी कधीच उजळत नाही. मॉडेल बायरन स्वतः.

पण वाचकाला व्हॅम्पायर म्हणजे काय हे ठाऊक हवं, म्हणून संपादकानं गोष्टीआधी प्रस्तावना जोडली. त्या प्रस्तावनेत कोण आहे? मेद्वेजाचा पावले! फुगलेला, नाकातोंडातून रक्त वाहणारा. पान उलटलं की रुथवेन. दोघांची गाठ त्या अंकात पडली, आणि पुढच्या नाटककारांनी प्रस्तावना सोडून गोष्ट तेवढी उचलली.

रातकिडा

कोडं सुटलं. मूळ विधानही मागे घेतो. गावचं सामान कमी नव्हतं: घोडा, हॉथॉर्न, फुलपाखरू, कणग्या, खांद्यावरचं कफन. नाटकवाल्यांना घोडा फळीवर आणणं परवडलं नसेल. आरशाचं कलम तर स्टोकरच्या आधी कुठे सापडतच नाही, त्यामुळे ते त्याच्या खात्यावर टाकतो.

चकवा

लसूण राहिली की.

निशाचर

लसूण अस्सल. रोमानियात सेंट अँड्र्यूच्या आदल्या रात्री, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी, दारं-खिडक्यांना चोळतात, गुरांनाही. संशयित प्रेताच्या तोंडात पाकळ्या भरायचे. स्टोकरनं त्यात फुलांच्या माळांची भर घातली, त्या दिसायला बऱ्या.

मीठमिरची

सगळं वाचल्यावर एवढंच वाटतं की आरवलीत वहाणा देतात म्हणून देव राखण करतो. किसिल्येवोत त्या बाईनं पेतारला त्याच्या वहाणा देऊन टाकल्या असत्या तर?

माडाखाली

मापाचा प्रश्न आला असता. वेतोबाच्या वहाणा हातभर लांब असतात.